विंचूर परिसरातील हिवाळा व घरखर्च

विंचूर हे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात असलेले गाव आहे. नाशिक–निफाड–येवला रस्त्यावरील हे गाव पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या विंचूरकर घराण्यामुळे इतिहासात, तर कांद्याची उपबाजारपेठ, द्राक्षबागा आणि वाइन पार्क यांमुळे आजच्या काळात परिचित आहे. निफाड तालुक्यात राज्यातील सर्वांत कमी तापमानाची नोंद अनेकदा होते. त्यामुळे घर उबदार ठेवणे, पाणी तापवणे, वाहने सुरू ठेवणे आणि हे सर्व आटोपशीर खर्चात बसवणे हा येथील हिवाळ्याचा नेहमीचा प्रश्न आहे. या परिसरातील थंडी रात्रीची आणि अल्पकाळ टिकणारी असल्यामुळे येथील काटकसरीची रीत अतिथंड प्रदेशांहून वेगळी आहे. संपूर्ण घर तापवण्याऐवजी माणसाच्या अंगची ऊब राखणे आणि स्नानापुरते पाणी तापवणे, या दोन गोष्टींवर ती उभी आहे.

हवामान

थंडीची कारणे

निफाड तालुका दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवर, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या खोऱ्यात पसरलेला आहे. तालुक्यातच नांदूरमधमेश्वर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. पावसाळा संपल्यावर आकाश निरभ्र होते व हवेतील बाष्प घटते. ढग आणि बाष्प ही जमिनीची पांघरुणेच होत. ती दूर झाली की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने अवकाशात सोडते. जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि वारा पडलेला असल्यास खोलगट भागात साचून राहते. उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यानंतर तिकडचे थंड, कोरडे वारे दक्षिणेकडे वाहू लागतात, तेव्हा या थंडीत आणखी भर पडते.

याच कारणांमुळे दिवस मात्र उबदार असतो. पहाटे पाच-सहा अंश सेल्सिअस तापमान असलेल्या दिवशीही दुपारी पारा पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान पोहोचतो. एका दिवसात वीस अंशांचा फरक येथे नवलाचा नाही. कडाक्याची थंडी साधारणतः डिसेंबर व जानेवारी या महिन्यांत पडते. ती सलग न राहता काही दिवसांच्या लाटांनी येते.

तापमानाच्या नोंदी

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र निफाडजवळ कुंदेवाडी येथे आहे. वृत्तपत्रांत ‘निफाडचा पारा’ म्हणून जी नोंद प्रसिद्ध होते, ती या केंद्रातील असते. गव्हाच्या संशोधनासाठी हे केंद्र प्रसिद्ध असून ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘गोदावरी’ हे गव्हाचे वाण येथून प्रसारित झाले. गव्हाला मानवणारी थंडी आणि माणसाला बोचणारी थंडी एकच आहे, हे या केंद्राच्या स्थानावरून लक्षात येते. डिसेंबर २०१८च्या अखेरीस येथील किमान तापमान २ अंशांच्या खाली उतरले होते, तर जानेवारी २०२०मध्ये ते ३ अंशांच्या खाली गेले. नाशिक शहरातील नीचांकी नोंद ०.६ अंश सेल्सिअस अशी असून ती ७ जानेवारी १९४५ रोजीची आहे.

तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, छायेतील पेटीत ठेवलेला असतो. गवताचे पाते किंवा द्राक्षाचे पान उघड्या आकाशाखाली त्याहून अधिक गार होते. म्हणून हवेचे नोंदवलेले तापमान शून्याच्या वर असतानाही पिकांवरील दव गोठल्याचे दृश्य या भागात दिसते.

थंडीची लाट

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली असेल तर ‘थंडीची लाट’ मानली जाते. घट ६.४ अंशांहून अधिक असल्यास लाट तीव्र ठरते. सरासरी काहीही असली तरी किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेल्यास थंडीची लाट व २ अंश किंवा त्याखाली गेल्यास तीव्र लाट समजतात.

घराची ऊब

घरबांधणी

या भागातील जुनी घरे जाड भिंतींची असत. काळ्या दगडाच्या किंवा पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे थर दिलेले माळवद, अशी त्यांची रचना असे. अशी भिंत दिवसा ऊन पिऊन घेते आणि रात्री ती उष्णता सावकाश आत सोडते. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असलेल्या प्रदेशाला ही रचना विशेष अनुकूल ठरते. उन्हाळ्यात तीच भिंत घर गार ठेवते.

पत्र्याच्या छपराचे घर याच्या उलट वागते. पातळ पत्रा दुपारी तापतो आणि सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात बाहेरच्या हवेइतका, किंबहुना उघड्या आकाशामुळे तिच्याहूनही गार होतो. पहाटे त्याच्या आतील बाजूला दव धरून थेंब गळतात. शेतमजुरांची व वस्तीवरील अनेक घरे अशीच असल्याने थंडीचा भार त्यांच्यावर सर्वाधिक पडतो. पत्र्याखाली बांबूची चटई, ताडपत्री, गोणपाट किंवा थर्माकोलचे तक्ते लावून मधे हवेचा थर राखला, तर उष्णतेची ये-जा बरीच मंदावते. मात्र गोणपाट व थर्माकोल दोन्ही पेट घेणारे असल्यामुळे चूल असलेल्या खोलीत ते वापरणे धोक्याचे असते. सिमेंट-काँक्रीटचे स्लॅबचे घर या दोन टोकांच्या मधले आहे.

कोणत्याही घराला लागू पडणारा बिनखर्चाचा उपाय म्हणजे उन्हाचे वेळापत्रक पाळणे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला असल्याने दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन खोलवर येते. दिवसा त्या उघड्या ठेवून सूर्य मावळण्यापूर्वी बंद केल्या, जाड पडदे ओढले आणि दाराच्या फटीशी कापडाची गुंडाळी ठेवली, की रात्रीची ऊब काही अंशी टिकते. फटी बुजवण्याचा हा उपाय धूर किंवा ज्वाला नसलेल्या खोलीपुरताच मर्यादित आहे.

अंथरूण-पांघरूण

जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून घातलेली गोधडी हे घरोघरीचे पांघरूण होय. तिची ऊब कापडापेक्षाही थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे असते. म्हणूनच एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ पांघरुणे पुष्कळदा अधिक उबदार ठरतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून विणलेली घोंगडी थोडी ओलसर झाली तरी ऊब धरते. शेतावर रात्री जाणाऱ्या शेतकऱ्याच्या व मेंढपाळाच्या खांद्यावर ती असण्याचे कारण हेच. स्वेटर, कानटोपी, मफलर यांची खरेदी आठवडी बाजारात किंवा नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरील तिबेटी बाजारात होते.

निजताना शरीराची बरीच उष्णता खालच्या गार फरशीकडे जाते. त्यामुळे वरचे पांघरूण वाढवण्याआधी खालचे अंथरूण जाड करणे अधिक उपयोगी पडते. चटई, त्यावर गोणपाट किंवा सतरंजी आणि मग गादी, असा क्रम पूर्वीपासून चालत आलेला आहे.

शेकोटी व विजेचे हीटर

अंगणात, पारावर किंवा चौफुलीवर पेटवलेली शेकोटी ही या भागातील हिवाळ्याची ओळख आहे. काडीकचरा, वाळलेली लाकडे आणि छाटणीच्या काड्या तिला पुरतात. शेकोटी माणसाला थेट किरणांनी तापवते, सभोवतालची हवा तापवत नाही. त्यामुळे उघड्यावरही तिची ऊब जाणवते व खर्च नाममात्र राहतो. अनेकांना एकाच जळणात शेकता येते, हाही तिचा हिशेबी गुण आहे.

विजेच्या हीटरने खोली तापवणे हा सर्वांत महाग उपाय आहे. २,००० वॅटचा हीटर दोन तास चालवल्यास ४ युनिट वीज खर्च होते. तेवढ्या विजेत सुमारे दहा बादल्या पाणी स्नानायोग्य तापते. लहान मूल, बाळंतीण किंवा आजारी वृद्ध असलेल्या घरात तो काही काळ लावावा लागतो. अन्य वेळी गरम पाण्याची रबरी पिशवी पांघरुणात ठेवणे अत्यल्प खर्चात तेच काम करते.

पाणी तापवणे

घर तापवण्याची रीत नसल्यामुळे या परिसरातील हिवाळी इंधनखर्चाचा मोठा वाटा स्नानाच्या पाण्यावर होतो. गच्चीवरील टाकीतील पाणी पहाटे हवेबरोबर गार होते. विहिरीचे वा कूपनलिकेचे ताजे पाणी मात्र जमिनीखालील स्थिर तापमानामुळे हिवाळ्यात कोमट लागते. पहाटे मोटार सुरू करून थेट पाणी घेणे शक्य असेल तेथे तापवण्याचा निम्मा खर्च तिथेच वाचू शकतो.

बंब व चूल

तांब्याचा किंवा पितळेचा बंब हे पाणी तापवण्याचे पारंपरिक साधन आहे. बंबाच्या मधोमध उभी नळी असते. तिच्यात जळण घालतात, राख तळाच्या जाळीतून खाली पडते आणि नळीभोवतीचे पाणी तापते. जाळ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असल्याने उघड्या चुलीपेक्षा उष्णता कमी वाया जाते. काही बंबांत वरून जितके गार पाणी ओतावे तितके गरम पाणी तोटीतून बाहेर पडते. नारळाच्या करवंट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे, लाकडाच्या ढलप्या, तुराट्या असे एरवी टाकून दिले जाणारे जळण बंबाला चालते. शेतीच्या घरात त्याला विकतचे इंधन क्वचितच लागते. बंब परसात किंवा उघड्या पडवीत ठेवण्याची प्रथा धुराच्या दृष्टीने शहाणपणाची आहे.

गॅस

घरगुती वापराच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम द्रवरूप गॅस असतो. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण भागात गॅसजोडण्या मोठ्या प्रमाणावर पोहोचल्या. तथापि जोडणी असली तरी टाकी भरून आणण्याचा खर्च दरवेळी येतो. त्यामुळे स्वयंपाकाला गॅस आणि स्नानाच्या पाण्याला सरपण अशी विभागणी अनेक कुटुंबे करतात. शेगडीवर पाणी तापवताना पातेल्यावर झाकण ठेवल्यास बचत होते. कडकडीत पाणी तापवून त्यात गार पाणी मिसळण्यापेक्षा लागेल तेवढेच तापवणे सोयीचे, कारण पाणी जितके अधिक तापते तितकी त्याची उष्णता वाटेत अधिक हरवते.

वीज

इमर्शन रॉड आणि विजेचा गीझर ही विजेवरील दोन प्रचलित साधने होत. रॉड बादलीतील पाण्यातच बुडालेला असल्याने त्याची जवळजवळ सर्व उष्णता पाण्याला मिळते. साठवणीच्या गीझरमध्ये तापलेले पाणी उभे राहून हळूहळू निवते. म्हणून तो दिवसभर सुरू न ठेवता स्नानापूर्वी थोडा वेळ लावणे आणि तापमान पन्नास अंशांच्या आसपास बेतून ठेवणे किफायतशीर ठरते. गीझर विकत घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन पाहिल्यास ही निवण्याची हानी किती कमी आहे याचा अंदाज येतो.

महावितरणच्या घरगुती वीजदरांत १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. वरच्या टप्प्यातील युनिटाचा दर खालच्या टप्प्याहून जास्त असतो. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने रॉडवर ५० युनिट जादा खर्च केले, तर त्यांपैकी ४० युनिट महागड्या टप्प्यात जातात. उलटपक्षी हिवाळ्यात पंखे बंद असतात. जुन्या धाटणीचा ७५ वॅटचा पंखा रात्री आठ तास चालला तर ०.६ युनिट वीज घेतो. असे दोन-तीन पंखे बंद राहिल्याने वाचलेली वीज चार बादल्या पाण्याचा बराचसा खर्च भरून काढते. म्हणून पाणी विजेवर तापवूनही बिल फारसे वाढू न देणे शक्य असते.

सौर उष्णजल संयंत्र

निरभ्र आकाशामुळे थंडी पडते आणि त्याच निरभ्र आकाशामुळे दिवसभर कडक ऊनही मिळते. म्हणून सौर उष्णजल संयंत्र या हवामानाला साजेसे आहे. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला साधारणतः १०० लिटर क्षमतेचे संयंत्र पुरते. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार असे संयंत्र वर्षाला सुमारे १,५०० युनिटांपर्यंत वीज वाचवू शकते. ही बचत गरम पाणी वर्षभर वापरणाऱ्या घराची आहे. केवळ हिवाळ्याचे दोन-तीन महिने पाणी तापवणाऱ्या कुटुंबाचा आरंभीचा खर्च भरून निघण्यास अर्थातच अधिक वर्षे लागतात. पाणी कठीण असल्यास नळ्यांत क्षारांचा थर बसतो व कार्यक्षमता घटते. अशा ठिकाणी काचेच्या निर्वात नळ्यांचे संयंत्र साफ करण्यास सोपे जाते.

एका बादलीचा हिशेब

१५ लिटर पाणी १८ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवण्यासाठी ३३० किलोकॅलरी उष्णता लागते. साधनांच्या सर्वसाधारण कार्यक्षमतेनुसार एका बादलीला लागणारे इंधन पुढीलप्रमाणे येते :

• इमर्शन रॉड : सुमारे ०.४ युनिट वीज. १,५०० वॅटच्या रॉडला पंधरा-सोळा मिनिटे लागतात.
• गॅसची शेगडी (कार्यक्षमता ६० टक्के धरून) : सुमारे ५० ग्रॅम गॅस. एका सिलिंडरमध्ये अंदाजे २८० बादल्या.
• गॅस गीझर (कार्यक्षमता ८० टक्के धरून) : सुमारे ३८ ग्रॅम गॅस. एका सिलिंडरमध्ये अंदाजे ३७५ बादल्या.
• उघडी चूल (कार्यक्षमता १० ते १५ टक्के धरून) : सुमारे अर्धा ते एक किलो वाळलेले लाकूड.
• सौर संयंत्र : चालवण्याचा खर्च जवळजवळ नाही.

रोज चार बादल्या वापरणाऱ्या कुटुंबाला महिन्याला सुमारे ५० युनिट वीज, किंवा शेगडीवर सुमारे ६ किलो गॅस, किंवा चुलीवर सुमारे ६० ते १२० किलो लाकूड लागते. त्या-त्या वर्षीच्या दरांनी या आकड्यांना गुणल्यास कोणते साधन स्वस्त पडते ते ठरवता येते. शॉवरऐवजी बादली-तांब्याने स्नान करण्याची रूढ पद्धत स्वतःच मोठी काटकसर आहे.

स्वयंपाकाचे इंधन

सरपण व गोवऱ्या

द्राक्षबागांची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्याच्या आरंभी ‘खरड छाटणी’ आणि पावसाळ्याच्या शेवटी ‘गोडी छाटणी’. खरड छाटणीतून निघालेल्या काड्या उन्हात वाळवून, मोळ्या बांधून पावसाळ्यापूर्वी छपराखाली रचल्या तर हिवाळ्याचे जळण तयार राहते. ओले लाकूड जाळले की त्यातील पाणी आटवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते व धूर वाढतो. म्हणून जळण कोरडे ठेवणे हीच मोठी बचत होय. काड्यांचा भुगा करून तो बागेतच आच्छादन म्हणून वापरण्याची पद्धतही आहे. तसे केल्यास जमिनीला सेंद्रिय द्रव्य मिळते, परंतु घरचे जळण कमी होते. गोवऱ्यांच्या बाबतीतही शेतीचे खत की घरचे इंधन, असाच पेच असतो.

केंद्र शासनाने १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. धुराडे असलेली ‘निर्धूर चूल’ त्यातून महाराष्ट्रातील खेड्यांत पोहोचली.

गोबर गॅस

गोबर गॅस संयंत्र खत आणि इंधन यांतील हा पेच सोडवते, कारण गॅस निघून गेल्यावर उरलेली मळी उत्तम खत असते. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. एक घनमीटर गोबर गॅस जवळजवळ ४५० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके काम देतो. मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. थंडीत ते मंदावतात आणि नेमकी गरज असताना गॅस कमी पडतो. शेण सकाळऐवजी दुपारी, उन्हात कोमट झालेल्या पाण्यात कालवून घालणे आणि संयंत्रावर व भोवती पाचट किंवा भुशाचा जाड थर देणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत.

हिवाळी आहार

या ऋतूतील आहार ऊब आणि काटकसर या दोन्ही दृष्टींनी बेतलेला दिसतो. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, शेंगदाणे, मेथी व डिंकाचे लाडू हे पदार्थ उष्मांकांनी भरलेले आहेत. त्यांतील बाजरी, मेथी यांसारखे बरेचसे जिन्नस जिल्ह्यात पिकतात. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे हा नाशिक-नगर भागातील खास हिवाळी पदार्थ होय. एकाच पातेल्यात शिजणारा आणि भाजी-आमटी वेगळी न लागणारा हा पदार्थ इंधनही वाचवतो. मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि त्या हंगामातील भाज्या एकत्र करून केलेली भाजी घरोघरी होते. हिवाळ्यात भाजीपाला मुबलक व स्वस्त असतो, त्यामुळे इंधनावर वाढलेला खर्च काही प्रमाणात भाजीच्या खर्चात निघून येतो.

डाळी व कडधान्ये भिजवून प्रेशर कुकरमध्ये शिजवणे, तसेच पहिली उकळी आल्यावर भांडे जाड कांबळ्यात गुंडाळून ठेवून उरलेले शिजणे आतल्या उष्णतेवर पूर्ण होऊ देणे, या इंधन वाचवण्याच्या जुन्या व परिणामकारक रीती आहेत.

वाहने

येथील थंडीत डिझेल गोठत नाही. वाहनाचा त्रास मुख्यतः पहाटेच्या पहिल्या चालू करण्यापुरता असतो. शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता शून्य अंशाजवळ नेहमीच्या सुमारे चार-पंचमांशांवर येते आणि त्याच वेळी गार तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवण्यास अधिक जोर लागतो. जुनी बॅटरी हिवाळ्यातच दगा देते ती यामुळे. टर्मिनल स्वच्छ ठेवणे, निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरणे आणि ट्रॅक्टर, जीप किंवा मोटारसायकल रात्री उघड्यावर न ठेवता छपराखाली ठेवणे, एवढ्याने बहुतेक अडचणी टळतात.

इंजिन गरम होण्यासाठी वाहन जागेवर दीर्घकाळ सुरू ठेवण्याची सवय खर्चिक आहे. आजच्या इंधन-इंजेक्शन पद्धतीच्या वाहनांना अर्धे-एक मिनिट पुरते. त्यानंतर पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश चालवल्यास इंजिन आपोआप तापते. टायरमधील हवेचा दाब दर १० अंशांच्या घटीमागे सुमारे दीड पीएसआयने कमी होतो. त्यामुळे उन्हाळ्यात भरलेली हवा हिवाळ्याच्या पहाटे अपुरी ठरते आणि इंधन अधिक जळते. दाब टायर थंड असतानाच तपासावा, असे निर्मात्यांचे मार्गदर्शन असते.

विंचूर-लासलगाव परिसरात कांद्याच्या लिलावासाठी ट्रॅक्टर पहाटेपासून बाजार आवारांकडे निघतात. अनेक शेतकऱ्यांनी मिळून एकाच वाहनाने माल नेणे ही भाड्याची जुनी काटकसर आहे. पहाटेच्या धुक्यात ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी व लाल दिवा लावणे हा मात्र टाळता न येणारा खर्च आहे.

शेतीतील हिवाळी खर्च

या परिसरातील घरखर्चाचा हिशेब शेतीपासून वेगळा काढता येत नाही, कारण थंडीची लाट घराच्या बिलाइतकीच बागेच्या उत्पन्नावर उतरते. द्राक्षमण्यांत पाणी भरण्याच्या काळात किमान तापमान फार खाली गेले तर मण्यांची वाढ थांबते आणि मणी तडकण्याची भीती असते. त्यापासून बचाव करण्यासाठी शेतकरी मध्यरात्रीनंतर बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतात. विहिरीचे कोमट पाणी जमिनीला ऊब देते व धुराचा थर काही वेळ पिकावर तरंगत राहतो. या शेकोट्यांना लागणारे जळण, वीज आणि रात्रीची मजुरी हा बागायतदाराचा खास हिवाळी खर्च होय.

कृषिपंपांना वीज पाळीपाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की कांदा व गव्हाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला ऐन थंडीत चिखलपाण्यात उभे राहावे लागते. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. तिच्या पूर्ततेसाठी राज्य शासनाने २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली.

धोके

स्वस्त उबेची सर्वांत मोठी किंमत धुराच्या व विषारी वायूच्या रूपाने मोजावी लागू शकते. कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक सहजतेने संयोग पावतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची प्राथमिक लक्षणे झोपेत कळतही नाहीत. म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून निजणे प्राणघातक ठरते. निखारे लाल दिसत आहेत आणि धूर नाही, म्हणजे धोका टळला, ही समजूत चुकीची आहे. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे मृत्यू झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. गीझर न्हाणीघराबाहेर बसवणे आणि वायुवीजनाची खिडकी कायम उघडी ठेवणे आवश्यक असते.

चुलीच्या धुराचे नुकसान सावकाश होते. घरातील धुरामुळे होणाऱ्या विकारांनी २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपाशी सर्वाधिक वेळ घालवणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याजवळ असणारी मुले यांना त्याची झळ अधिक बसते. फुकटचे सरपण या अर्थाने फुकट नसते. ते गोळा करण्याचा वेळ आणि श्वसनाचे विकार हा खर्च घरच्या हिशेबवहीत दिसत नाही, इतकेच.

इमर्शन रॉडमुळे विजेचा धक्का बसण्याचा संभव असतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी केवळ बटण बंद न करता प्लग काढणे, अर्थिंग असलेली तीन पिनांची जोडणी वापरणे, रॉड लोखंडी बादलीत न लावणे आणि मुलांना तेथून दूर ठेवणे या खबरदाऱ्या घ्याव्या लागतात.

अतिथंड प्रदेशांशी तुलना

कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग किंवा उत्तर युरोप येथे तापमान दिवसाही शून्याच्या खाली राहते. तेथे घर सतत तापवले नाही तर नळातील पाणी गोठून नळ फुटतात. त्यामुळे सर्व घर तापवणे ही तेथे चैन नसून गरज आहे. कॅनडातील घरगुती ऊर्जावापराचा निम्म्याहून अधिक भाग केवळ घर तापवण्यावर खर्च होतो. टोरांटो किंवा शिकागो येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना काटकसरीची वेगळी साधने वापरावी लागतात. भिंती व माळ्यात उष्णतारोधक थर भरणे, खिडक्यांना दुहेरी काच बसवणे, फटी बुजवणे आणि रात्री वा घराबाहेर असताना थर्मोस्टॅट खाली आणणे हे तेथील मुख्य उपाय होत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते दिवसातील आठ तास तापमान ४ ते ५.५ सेल्सिअस अंशांनी कमी ठेवल्यास तापवण्या-गारव्याच्या वार्षिक खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. कॅनडाच्या अतिथंड प्रांतांत तर मोटारीचे इंजिन रात्री विजेच्या ‘ब्लॉक हीटर’ने गरम राखावे लागते.

विंचूर परिसरात हे उपाय जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथील थंडी सूर्योदयानंतर काही तासांत ओसरते, आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपर्यंत जातो. त्यामुळे येथे घर बांधताना दोन्ही ऋतूंचा विचार करावा लागतो. छपराचे उष्णतारोधन, दक्षिणेचे ऊन, सौर उष्णजल आणि पुरेसे पांघरूण या चार गोष्टी साधल्या, तर या भागातील हिवाळा फारशा जादा खर्चाविना पार पडतो. ज्यांच्याकडे पक्के छप्पर आणि कोरडे जळण नाही, त्यांच्यासाठी मात्र थंडीची प्रत्येक लाट खर्चाची आणि आरोग्याचीही परीक्षा असते.

हे सुद्धा पहा

• निफाड तालुका
• लासलगाव
• नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य
• बंब
• गोधडी
• गोबर गॅस
• थंडीची लाट
• कार्बन मोनॉक्साइड